वस्तीतल्या मुलांसोबत काम सुरू करणाऱ्यांसाठी: यादीच्या सापळ्याविषयी

एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाल्यावर पुण्यातल्या एका वस्तीत व्यसनप्रतिबंधाच्या प्रकल्पावर मी रुजू झाले, त्याला आता अकरा वर्षे होतील. गृहभेट कशी घ्यावी, नोंदवही कशी ठेवावी, हे नव्याने येणाऱ्यांना अभ्यासक्रमात शिकवलेले असते, म्हणून ते येथे लिहीत नाही. लिहायचे आहे ते पहिल्या वर्षातल्या एका चुकीविषयी. ती मी मन लावून केली होती आणि तिच्याबद्दल वरिष्ठांची शाबासकीही घेतली होती.

संस्थेने मला ‘धोक्यातील’ मुलांची यादी करायला सांगितले. शाळा सुटलेली, घरात दारू असलेली, पंक्चरचे सोल्युशन हुंगताना कोणी तरी पाहिलेली, भुरट्या चोरीपायी चौकीवर जाऊन आलेली, अशी तेरा ते सतरा वर्षांची चौदा मुले मी निवडली आणि दर मंगळवारी व शुक्रवारी समाजमंदिरात त्यांचा स्वतंत्र गट भरवू लागले. हजेरी उत्तम असे. वडापाव मिळतो म्हणून येतात, असे मी समजत होते. खरे कारण उशिरा लक्षात आले. वस्तीच्या चार टोकांना राहणाऱ्या आणि एकमेकांना जेमतेम तोंडओळखीने जाणणाऱ्या या मुलांची दोस्ती मीच एका छताखाली जुळवून दिली होती.

हे कसे घडते ते नीट समजून घ्या, कारण ते डोळ्यांदेखत घडत असूनही दिसत नाही. गोलात बसलेल्या एकाने ‘मी रात्रशाळेत नाव घातले’ असे सांगितले, तर कोणी मान वर करत नाही. दुसऱ्याने उभ्या गाडीतले पेट्रोल कसे काढले ते सांगायला घेतले, की सगळा गोल हसतो. त्या वयात दोस्तांच्या हसण्याएवढे मोठे बक्षीस नसते, आणि ते बक्षीस आठवड्यातून दोनदा, ठरल्या वेळी, संस्थेच्या सतरंजीवर मिळत होते. मी दटावत असे, पण माझ्या दटावण्याने त्या गोष्टीचा भाव उलट वाढे. चौथ्या महिन्यात, तोवर तंबाखूच्या पलीकडे न गेलेल्या एका मुलाच्या खिशातून सोल्युशनने कडक झालेला रुमाल डोकावताना दिसला. तो वास न ओळखण्याइतकी मी नवखी राहिले नव्हते. कोणाकडून घेतले, असे विचारल्यावर तो सहज म्हणाला, “मॅडम, आपल्याच ग्रुपमधला आहे ना तो.”

त्यानंतर वाचायला लागले तेव्हा समजले की या रस्त्यावर इतरांना आधीच ठेच लागलेली आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज आणि सॉमरव्हिल येथे १९३९ साली मुलांना गुन्ह्यांपासून दूर ठेवण्यासाठी ५०६ मुलांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. निम्म्या मुलांना काही वर्षे समुपदेशन, शिकवणी, उन्हाळी शिबिरे असे सर्व काही देण्यात आले. गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मकॉर्ड यांनी तीस वर्षांनी या सगळ्यांचा माग काढून १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा मदत मिळालेला गट व्यसन आणि पुन्हा पुन्हा घडणारे गुन्हे अशा काही बाबतींत दुसऱ्या गटापेक्षा वाईट स्थितीत आढळला. पुढच्या विश्लेषणात सर्वाधिक हानी दिसली ती एकाहून अधिक वेळा शिबिराला गेलेल्या मुलांची. तरीही मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी कार्यक्रमाचा आपल्याला उपयोग झाला असेच सांगितले होते. म्हणून सत्राच्या शेवटी भरून घेतलेल्या ‘आवडले’च्या फॉर्मवर माझा तेव्हापासून काडीचाही विश्वास नाही.

गट करूच नये, असा याचा अर्थ नाही, तेव्हा घाबरून जाऊ नका. तीस मुलांच्या कबड्डीच्या किंवा ढोल-ताशाच्या सरावात अशी चार मुले असली, एखादा मोठा माणूस सतत मध्ये असला आणि रिकामा वेळ थोडा असला, तर ती चार मुले बाकीच्यांसारखी होऊ लागतात. प्रमाण उलटे झाले, की घसरणही उलट्या दिशेने होते.

सोप्या वाटांबद्दल माझे मत कडवट आहे. २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाची फेरी आणि सामूहिक शपथ ही छायाचित्रापुरती असते. तुरुंग दाखवून धाक घालण्याचे कार्यक्रम अमेरिकेत तपासले गेले आणि त्यांतली मुले उलट अधिक गुन्ह्यांकडे वळलेली आढळली. व्यसनातून बाहेर आलेल्या वक्त्याचे अनुभवकथनही तेरा वर्षांच्या मुलासमोर मी ठेवत नाही. त्याला त्यातले नुकसान ऐकू येत नाही, साहस तेवढे ऐकू येते. मार्गदर्शक शोधायचा तर दिल्लीहून येणाऱ्या सल्लागारापेक्षा वस्तीतल्या बालवाडीच्या ताईंना धरा. मला कोणत्या गल्लीत संध्याकाळी सातनंतर जाऊ नये आणि कोणत्या घरी नक्की जावे, हे त्यांनी एका चहात सांगितले होते.

कायद्याचे थोडक्यात. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ नुसार, डॉक्टरांच्या आदेशाशिवाय मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दुकानदाराशी बोलताना हे माहीत असलेले बरे. कलम ७४ मात्र तुमच्यासाठी आहे: चौकशीत किंवा न्यायालयीन प्रकरणात आलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही. देणगीदाराला अहवालात चेहरे हवे असतात. पाठमोरे छायाचित्र द्या आणि रागावू द्या. व्यसन जडलेल्या मुलासाठी १४४४६ हा टोल-फ्री क्रमांक सांगा, स्वतः डॉक्टर होऊ नका.

पगार दोन-दोन महिने थकेल आणि एखादा मुलगा हातून जाईल. रुमालवाल्या मुलाचे पुढे काय झाले, हे मी अजून नीट सांगू शकत नाही. तरीही काम सोडण्याचे कारण मला सापडलेले नाही.

यंदाही वरून तीच यादी मागितली गेली. मी तीन गल्ल्यांतल्या सरसकट चाळीस मुलांची नावे पाठवली. “यांतली धोक्यातली कोणती?” अशी विचारणा आली, तेव्हा ते माझ्या वहीत आहे आणि वही कपाटात कुलपात आहे, असे उत्तर मी लेखी दिले.