जोड-आर्केड यंत्रांना प्रेक्षकांसाठी स्वतंत्र पडदा कसा जोडावा

नामको कंपनीच्या 'फायनल लॅप' या मोटार-शर्यतीच्या आर्केड खेळाने (आर्केड म्हणजे खेळघरात नाणे टाकून खेळायची यंत्रे) १९८७ मध्ये अनेक यंत्रे एकमेकांना जोडून आठ खेळाडूंची एकत्र शर्यत शक्य केली, आणि पुढे सेगाच्या 'डेटोना यूएसए'ने हीच कल्पना फार मोठ्या प्रमाणावर रुजवली. अशा यंत्रांवर शर्यत रंगते तेव्हा भोवती गर्दी जमते; पण प्रत्येक पडदा खेळाडूच्या समोर असल्याने मागे उभ्या असलेल्यांना बहुधा खेळाडूची पाठच दिसते. त्यांच्यासाठी उंचावर वेगळा पडदा लावणे हे मुळीच अवघड काम नाही. मात्र ते करताना एक पथ्य शेवटपर्यंत पाळावे लागते: प्रेक्षकांचा पडदा सुरू असो, बंद असो किंवा बिघडलेला असो, खेळाडूच्या चित्रात आणि यंत्रांमधील जोडणीत तिळमात्र फरक पडता कामा नये.

हा पडदा दोन मार्गांनी जोडता येतो. पहिल्या मार्गात जोडणीच्या साखळीत आणखी एक मुख्य बोर्ड (खेळ चालवणारे सर्किट) बसवला जातो आणि तो खेळाडूविना केवळ शर्यत दाखवतो. काही खेळांच्या प्रोग्रॅममध्ये अशी सोय मुळातच असते, त्यामुळे आधी आपल्या यंत्राची माहितीपुस्तिका आणि टेस्ट मेन्यूमधील (यंत्राच्या तपासणी-मांडणीच्या पडद्यांमधील) जोडणीचे पान नीट पाहावे. सोय असेल तर चित्र फार सुंदर मिळते, कारण कॅमेरा एका गाडीशी बांधलेला राहत नाही. पण त्याची किंमतही मोजावी लागते. सेगाच्या त्या काळातील यंत्रांत प्रत्येक बोर्डाचा प्रक्षेपक (संदेश पाठवणारा भाग) पुढच्या बोर्डाच्या ग्राहकाला (संदेश घेणाऱ्या भागाला) प्रकाशतंतूने जोडलेला असतो आणि शेवटच्या बोर्डाची तार पहिल्याकडे परत येते. अशा वर्तुळातील एक बोर्ड बंद पडला की संदेश तिथेच अडतो, म्हणजे प्रेक्षकांसाठी वाढवलेला बोर्ड बिघडला तर शर्यतच थांबते. शिवाय त्या बोर्डावर खेळाची तीच आवृत्ती लागते, आणि स्टिअरिंग किंवा पेडल नसल्याची तक्रार करून तो सुरुवातीलाच अडून बसणार नाही हेही पाहावे लागते.

म्हणून खेळात तशी सोय नसेल, तर जोडणीला हात न लावता एका यंत्राच्या चित्रसंकेताची प्रत काढणे हा दुसरा मार्गच मी सुचवेन. पुढील सर्व विवेचन त्याच मार्गाचे आहे.

आधी सुरक्षेविषयी. यंत्रातील चित्रनलिकेच्या (जुन्या मॉनिटरमधील काचेच्या नळीच्या) ॲनोडवर, म्हणजे धन टोकावर, वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वीज बंद केल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. या कामात नलिकेला किंवा मॉनिटरच्या बोर्डाला स्पर्श करण्याची गरजच पडत नाही. तार मुख्य बोर्डाच्या बाजूनेच काढावी. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेला धोका म्हणजे ग्राउंडचा, म्हणजे सर्किटच्या शून्य-व्होल्टच्या सामाईक तारेचा. अनेक जुन्या मॉनिटरांना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधूनच (मुख्य विजेशी थेट संपर्क तोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधूनच) वीज द्यावी लागते. पूर्वीच्या एखाद्या दुरुस्तीत तो ट्रान्सफॉर्मर वगळला गेला असेल, तर मॉनिटरचा ग्राउंड मुख्य विजेच्या संपर्कात असतो आणि आपण जोडलेल्या तारेतून तो थेट नव्या पडद्यापर्यंत पोहोचतो. यासाठी नवी तार जोडण्यापूर्वी, यंत्र चालू असताना, चित्राचा ग्राउंड आणि इमारतीचे अर्थिंग यांच्यामधील एसी व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे. ते लक्षणीय असेल तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

यानंतर संकेत ओळखावा लागतो. जुन्या आर्केड बोर्डांची आडवी वारंवारता, म्हणजे सेकंदाला रेखाटल्या जाणाऱ्या आडव्या रेषांची संख्या, साधारणतः १५, २४ किंवा ३१ किलोहर्ट्‌झ असते. 'डेटोना यूएसए' ज्या मॉडेल २ बोर्डावर चालतो, त्याचे चित्र ४९६ बाय ३८४ बिंदूंचे, सुमारे २४.४ किलोहर्ट्‌झचे आणि सेकंदाला सुमारे ५७.५ वेळा नव्याने रेखाटले जाणारे असते. आजचे बहुतेक सपाट पडदे असा संकेत सरळ स्वीकारत नाहीत, त्यामुळे मध्ये स्कॅन कन्व्हर्टर, म्हणजे चित्रसंकेत नव्या पडद्याला चालेल अशा रूपात बदलणारा बोर्ड, बसवावा लागतो. जीबीएस-८२०० हा या तिन्ही वारंवारता घेणारा बोर्ड छंदिष्टांमध्ये परिचित आहे. कन्व्हर्टरमुळे चित्र थोडे उशिरा दिसते. प्रेक्षकांना त्याने काही बिघडत नाही, पण खेळाडूचा मूळ पडदा मात्र कधीही कन्व्हर्टरच्या मागे नेऊ नये.

सर्वाधिक चुका होतात त्या तार फोडण्याच्या टप्प्यावर. लाल, हिरवा, निळा आणि सिंक (चित्राच्या रेषा व चौकटी कधी सुरू होतात हे सांगणारा संकेत) या चार तारांना सरळ जोड देऊन दुसरी तार काढली की काम झाले असे वाटते, पण कन्व्हर्टर प्रत्येक रंगाच्या तारेवर ७५ ओहमचा भार टाकतो. समजा बोर्डाचा आउटपुट ७५ ओहमचा आहे आणि मूळ मॉनिटरही ७५ ओहमचाच आहे. दुसरा तेवढाच भार लागताच एकूण भार ३७.५ ओहम होतो आणि ०.७ व्होल्टचा संकेत साधारण ०.४७ व्होल्टवर उतरतो. दोन्ही पडदे एकदम काळवंडतात. अनेक आर्केड मॉनिटरांचा इनपुट तर याहून कितीतरी जास्त ओहमचा असतो आणि बोर्ड त्यांना काही व्होल्टचा संकेत देतो. तिथे परिणाम याहूनही वाईट होतो, आणि तेवढा मोठा संकेत कन्व्हर्टरच्या इनपुटलाही सोसत नाही.

यावर उपाय म्हणजे बफर, म्हणजे मूळ तारेवर फारसा भार न टाकता संकेताची प्रत पुढे देणारे सर्किट. बोर्डाकडून येणाऱ्या प्रत्येक रंगाच्या तारेवर काही किलोओहमचा विभाजक (संकेताचे व्होल्ट ठरावीक प्रमाणात कमी करणारी दोन रेझिस्टरांची जोडी) लावावा, त्यामागे लगेच व्हिडिओ ॲम्प्लिफायर ठेवावा आणि त्याच्या आउटपुटला ७५ ओहमचा रेझिस्टर देऊन तिथून कन्व्हर्टरकडे तार न्यावी. टीएचएस७३७४ या व्हिडिओ ॲम्प्लिफायर चिपचा गेन (संकेत वाढवण्याचे प्रमाण) दुप्पट असल्याने त्या शेवटच्या रेझिस्टरमुळे अर्धा होणारा संकेत आपोआप भरून निघतो. चिपमधील फिल्टर मात्र बंद ठेवावा, कारण तो टीव्हीच्या सामान्य चित्रासाठी बनवलेला आहे आणि २४ किलोहर्ट्‌झच्या चित्राच्या कडा त्याने पुसट होतात. विभाजकाचे प्रमाण अंदाजाने ठरवू नये. टेस्ट मेन्यूमधील रंगपट्ट्यांचे पान लावून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची उंची ऑसिलोस्कोपवर पाहावी आणि कन्व्हर्टरच्या तोंडाशी ती ०.७ व्होल्ट येईल असे रेझिस्टर निवडावेत. उदाहरणार्थ, मूळ उंची ३.५ व्होल्ट असेल तर एक-पंचमांश विभाजक लागेल.

सिंकची तार बहुधा पाच व्होल्टच्या लॉजिकची असते. ती ७४एचसीटी१२५ सारख्या बफरमधून काढून पुढे ४७० ओहमचा रेझिस्टर लावला, की ७५ ओहमच्या भारावर साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळतात. बफरचा बोर्ड मुख्य बोर्डाजवळच ठेवावा. लांब तार बफरच्या पुढे असावी, मागे नव्हे.

आवाज घ्यायचा असल्यास स्पीकरच्या टोकांवरून घेऊ नये. काही ॲम्प्लिफायरांत स्पीकरचे कोणतेच टोक ग्राउंडला नसते आणि तिथे साधी ऑडिओ तार जोडली तर ॲम्प्लिफायर जळू शकतो. ॲम्प्लिफायरच्या आधीची लाइन पातळी, म्हणजे अजून न वाढवलेला आवाजाचा संकेत, शोधून तिथूनच तार काढावी.

अनेक यंत्रांमधून आघाडीच्या गाडीचे चित्र निवडून दाखवण्याचा मोह होतो आणि तो योग्यही आहे. त्यासाठी प्रत्येक यंत्राला स्वतःचा बफर द्यावा आणि त्यानंतर स्विच बसवावा. यंत्रे शर्यतीची माहिती वाटून घेत असली तरी प्रत्येकाचे चित्र बोर्डावरील स्वतःच्या क्रिस्टलच्या (ताल देणाऱ्या घटकाच्या) तालावर चालते. त्यामुळे यंत्र बदलताच कन्व्हर्टरला नवा ताल पकडेपर्यंत क्षणभर पडदा काळा होतो. हा दोष नाही, पण वळणाच्या ऐन मध्यावर यंत्र बदलू नये एवढे चालवणाऱ्याला सांगून ठेवावे.

शेवटची तपासणी शर्यत चालू असतानाच करावी. सर्व यंत्रांवर खेळ सुरू करून कन्व्हर्टरची वीज काढावी, मग बफरची काढावी, आणि त्या वेळी मूळ पडद्याकडे बारकाईने पाहावे. रंग हलला, चित्र सरकले किंवा जोडणी तुटल्याचा संदेश आला, तर विभाजक किंवा ग्राउंड पुन्हा तपासावा. सर्व काही स्थिर राहिले, की तार कुठून काढली, रेझिस्टर किती ओहमचे आहेत आणि बफरला वीज कुठून दिली आहे हे एका कागदावर लिहून तो कागद कॅबिनेटच्या मागच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा.