ओस पडलेली दफनभूमी सांभाळताना या चुका टाळा

पुणे जिल्ह्यातल्या शिरूरला कर्नल वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याची १८०९ सालची कबर आहे. गावकरी त्याला सत्पुरुष म्हणत आणि सुगीचं पहिलं धान्य नैवेद्य म्हणून तिथे ठेवत. वारस सातासमुद्रापार, तरी जागा बेवारस झाली नाही. देखभाल अंगावर घेणारे विश्वस्त आणि ठेकेदार मात्र वर्षानुवर्षं दफन झालं नाही की जागा मोकळी झाली, असं धरून चालतात.

सर्वांत आधी सातबारा काढा, आणि फक्त कब्जेदाराचं नाव वाचून ठेवून देऊ नका. पोटखराब (लागवडीखाली न येणारी जमीन) ‘वर्ग ब’ची नोंद आहे का, ते बघा. महसूल नियमांत रस्त्यांबरोबर दफनभूमी आणि दहनभूमीही याच वर्गात मोडते. नोंद असेल तर मोजणीचा नकाशा मागवून तो तुकडा नेमका कुठे येतो, हे ताडून घ्या.

ट्रस्टच्या जागेत सर्वांत महागात पडतो तो भाडेपट्टा. कुंपणाचा खर्च निघावा म्हणून कडेची पट्टी गॅरेजला किंवा रोपवाटिकेला दिली जाते. हेतू चांगलाच असतो. पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे बिगरशेती जागा तीन वर्षांहून आणि शेतजमीन दहा वर्षांहून जास्त मुदतीने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी लागते. विक्रीलाही लागते. ती नसेल तर करार वैध ठरत नाही. विश्वस्त वारला किंवा बदलला, तर त्याची नोंद व्हावी म्हणून नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. कागदावर सगळे विश्वस्त मयत असतील, तर मंजुरीच्या अर्जावर सही कोण करणार?

पाण्याची लाईन टाकताना हाडं लागली तर जेसीबी तिथल्या तिथे थांबवा आणि पोलिसांना कळवा. पोत्यात भरून दुसरीकडे पुरू नका, कितीही आदराने पुरलं तरी! भावना दुखावतील हे माहीत असताना दफनाच्या जागेत घुसणं किंवा अवशेषांची विटंबना करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नातेवाईक अवशेष हलवायला आले, तरी स्वतः होकार देऊ नका. पुरलेला देह कायद्याच्या ताब्यात असतो, तो उकरून मागणं हा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे.

शहरात झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्या.

आणि सफाईच्या उत्साहात पडलेले नामदगड उचलून भिंतीला ओळीने लावू नका. प्रत्येकाचा जागेवरच फोटो काढा, नकाशावर क्रमांक टाका. दगड एकदा हलला की त्यावरचं नाव कोणत्या कबरीचं, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.