नवीन सीएसएस, जुना ब्राउझर: या चुका टाळा

महाप्याच्या ऑफिसात आपण वेबसाइट बनवतो ती रोज अपडेट होणाऱ्या मशीनवर, मोठ्या स्क्रीनवर. ती वापरणारा माणूस मात्र ठाणे स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात विंडोज 7 समोर बसलेला असतो, नाहीतर मुलीने नवीन फोन घेतल्यावर तिचा जुना आयफोन वापरत असतो. बारा-तेरा वर्षं हे काम करतेय आणि कोड तपासायला घेतला की सीएसएसच्या, म्हणजे पान कसं दिसावं ते ब्राउझरला सांगणाऱ्या भाषेच्या, त्याच त्या चुका समोर येतात. प्रत्येक नव्या मुलाला, मुलीला वेगवेगळं सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी 'जुना ब्राउझर' म्हणजे काय ते ठरवा. नवीन मुलं लगेच इंटरनेट एक्सप्लोररचं नाव काढतात. त्याचा आधार मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 ला काढून घेतला, त्याच्यासाठी आज रात्री जागवू नका. आजचे जुने वेगळे आहेत. विंडोज 7 आणि 8.1 वर क्रोम 109 पाशी थांबला, तो आला जानेवारी 2023 मध्ये. त्याच विंडोजवर फायरफॉक्स 115 च्या पुढे जात नाही. अँड्रॉइड 7 च्या फोनवर क्रोम 119 शेवटचा. आयफोन 5एस आणि 6 आयओएस 12 वर अडकलेत, 6एस आणि 7 आयओएस 15 वर. ही यादी मी माझ्या टेबलासमोर कागदावर लिहून चिकटवली आहे. कुठलीही नवी प्रॉपर्टी (रंग, रुंदी असा दिसण्याचा एकेक गुण) वापरण्याआधी मान वर करून यादीकडे बघते, मग कुठल्या ब्राउझरला काय कळतं ते सांगणाऱ्या 'कॅन आय यूज' साइटवर जाते.

आणि आयफोनवाल्या ग्राहकाला "सफारीत बिघडतंय तर क्रोम टाकून बघा" हा सल्ला कृपा करून देऊ नका. आपल्याकडे आयफोनवरच्या क्रोमच्या पोटातही सफारीचंच वेबकिट इंजिन, म्हणजे पान दाखवणारा आतला गाभा, चालतं. नाव बदलतं, बिघाड तोच राहतो.

व्हेरिएबलमध्ये नवा रंग आणि वरच्या ओळीचा खोटा भरवसा

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे आणि तिच्यामुळे एकदा एका बापाचा अर्धा दिवस वाया गेलेला माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

नौपाड्यातल्या एका क्लासचं प्रवेश अर्जाचं पान आम्ही नव्याने केलं होतं. पांढरं कार्ड, त्यावर निळं बटण, बटणावर पांढरी अक्षरं. पान सुरू झालं आणि दोन दिवसांत क्लासमधून फोन यायला लागले, की पालक म्हणतात अर्ज भरून होतो, पण पाठवता येत नाही. आमच्याकडे सगळ्या मशीनवर व्यवस्थित. चार वेळा तपासलं, सर्व्हर तपासला, काही सापडेना. शेवटी क्लासच्या बाईंनी सांगितलं की बहुतेक लोक स्टेशनजवळच्या एकाच दुकानातून भरतायत. मी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर महाप्याहून थेट तिथे गेले.

दुकानात एक गृहस्थ मार्कशीटच्या झेरॉक्सची फाइल मांडीवर घेऊन बसले होते. अर्ज पूर्ण भरलेला. खाली बटणाच्या जागी कोरा पांढरा पट्टा. "ताई, सकाळपासून तिसरी फेरी आहे माझी, सबमिट कुठंय?" मी माउस त्या कोऱ्या जागेवर नेला. बाणाचा हात झाला. बटण होतं, जागेवर होतं, चालतही होतं, फक्त दिसत नव्हतं. पांढऱ्यावर पांढरी अक्षरं. मशीन विंडोज 7, ब्राउझर क्रोम 109. दुकानदार म्हणाला, "मी तर अंदाजाने टॅब मारून एंटर दाबतो, तसंच करतोय दोन दिवस."

झालं असं होतं की आमच्यातल्या एकाने निळा रंग ओकेएलसीएच या नव्या पद्धतीने लिहून व्हेरिएबलमध्ये, म्हणजे एकदा नाव देऊन हवी तिथे वापरता येणाऱ्या किमतीत, ठेवला होता. ही पद्धत क्रोमला 111 पासून कळते. त्याने खबरदारी म्हणून बटणाच्या नियमात आधी साधा हेक्स (# लावून लिहितात तो जुना) रंग लिहिला होता आणि त्याच्या खालच्या ओळीत व्हेरिएबल. जुन्या ब्राउझरला खालची ओळ कळली नाही तर तो वरची घेईल, असा हिशेब. हा हिशेब एरवी बरोबर आहे. ब्राउझरला एखादी ओळ समजली नाही तर तो ती सोडून देतो आणि आधीची धरून ठेवतो, सगळी सीएसएस याच सवयीवर उभी आहे.

पण व्हेरिएबल आलं की हा हिशेब मोडतो. स्टाइलशीट (सीएसएसची फाइल) वाचताना ब्राउझर व्हेरिएबलच्या आत काय भरलंय ते बघतच नाही. ओळीची बांधणी बरोबर दिसली की ती स्वीकारतो आणि वरची हेक्सची ओळ तिथेच बाद होते. प्रत्यक्ष रंग लावायच्या वेळी आतलं ओकेएलसीएच त्याच्या हाती लागतं, ते कळत नाही, आणि तोवर हेक्सकडे परत जायची वाट बंद झालेली असते. मग ती प्रॉपर्टी कोणी लिहिलीच नव्हती असं तो धरतो. बॅकग्राउंडच्या बाबतीत याचा अर्थ पारदर्शक.

हे सांगितलं की घाईतली मंडळी दोन उपाय सुचवतात आणि दोन्ही चालत नाहीत. पहिला, व्हेरिएबलच दोनदा लिहायचं, आधी हेक्स आणि मग ओकेएलसीएच. व्हेरिएबलमध्ये ब्राउझर काहीही चालवून घेतो, त्यामुळे शेवटचं जिंकतं आणि आपण होतो तिथेच. दुसरा, व्हेरिएबल वापरताना कंसात पर्यायी रंग द्यायचा. तो पर्याय व्हेरिएबल मुळात ठरवलेलंच नसेल तेव्हा लागू होतो. इथे ते ठरवलेलं आहे, फक्त आतला माल ब्राउझरला कळत नाही.

मी करते ते असं: सगळ्यात वर, रूटमध्ये (सगळ्या पानाला लागू होणाऱ्या नियमात), व्हेरिएबलची किंमत साधा हेक्स रंग. खाली एक अ‍ॅट-सपोर्ट्सचा ठोकळा (अट पुरी झाली तरच ब्राउझर आतलं वाचतो), त्यात "ओकेएलसीएच रंग कळतो का" ही अट, आणि त्या ठोकळ्याच्या आत तेच व्हेरिएबल नव्या रंगाने पुन्हा ठरवायचं. बटणाच्या नियमाला हातही लावायचा नाही. जुना ब्राउझर ठोकळा ओलांडून जातो, हेक्सवर राहतो, बटण निळं दिसतं. त्या रात्री दुकानातूनच फोन करून हा बदल करवून घेतला आणि त्या गृहस्थांचा अर्ज माझ्यासमोर गेला.

तेव्हापासून टेलविंड 4 (तयार सीएसएस देणारं साधन) घ्यायचं म्हटलं की मी आधी विचारते, हे पान उघडणार कोण आहे? टेलविंड 4 ला सफारी 16.4, क्रोम 111, फायरफॉक्स 128 किंवा त्यापुढचं लागतं, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. म्हणजे त्या दुकानातली मशीन बाहेर, आयफोन 7 सुद्धा बाहेर. अर्ज, पावत्या, निकाल असं काही असेल तर मी टेलविंड 3.4 वरच राहते. "नवीन आलंय म्हणून घेतलं" हे कारण मला चालत नाही.

फ्लेक्समधला गॅप आणि त्याची फसवी चाचणी

दुसरी लाडकी चूक. मेनूला डिस्प्ले फ्लेक्स (दुवे एका ओळीत मांडायची पद्धत), त्यात गॅप (मधलं अंतर), झालं काम. मग आयफोन 6 वर मेनू असा दिसतो: मुख्यपानआमच्याविषयीसंपर्क. सगळे शब्द एकमेकांना चिकटलेले.

फ्लेक्समधला गॅप क्रोममध्ये 84 पासून आला, जुलै 2020. सफारीत 14.1 पासून, एप्रिल 2021. पण ग्रिडमधला (आडव्या-उभ्या रकान्यांच्या मांडणीतला) गॅप त्याच्या आधीच आला होता, आणि गोची इथेच आहे. मुलं शहाणपणाने अ‍ॅट-सपोर्ट्समध्ये विचारतात, "गॅप कळतो का?" आयफोन 6 मधला सफारी 12 म्हणतो, कळतो. तो खरंच सांगतोय, त्याला ग्रिडमधला गॅप कळतो. फ्लेक्सचं त्याला कोणी विचारलेलंच नसतं, आणि तसं विचारायची सोय सीएसएसमध्ये नाही. चाचणी पास, मेनू चिकटलेला, आणि लिहिणारा छातीठोकपणे सांगतो की मी तर सपोर्ट्स लावलंय.

माझी सवय अशी. आधी मार्जिन (चौकटीबाहेरची मोकळी जागा) लिहायचं, पहिला सोडून बाकी प्रत्येकाला डावीकडून. ओळ मोडून खाली जाणार असेल तर आतल्या चौकटींना चारही बाजूंनी निम्मं मार्जिन आणि बाहेरच्या चौकटीला तेवढंच उणे मार्जिन. मग गॅप हवाच असेल तर अ‍ॅट-सपोर्ट्समध्ये गॅपबद्दल न विचारता अ‍ॅस्पेक्ट-रेशोबद्दल (रुंदी-उंचीचं प्रमाण ठरवणाऱ्या प्रॉपर्टीबद्दल) विचारायचं आणि आत मार्जिन शून्य करून गॅप द्यायचा. अ‍ॅस्पेक्ट-रेशो क्रोम 88, फायरफॉक्स 89 आणि सफारी 15 मध्ये आला, तिन्हीकडे फ्लेक्सच्या गॅपनंतर. ज्या ब्राउझरला तो कळतो त्याला फ्लेक्सचा गॅप कळतोच. खरं सांगायचं तर दहातल्या आठ पानांत मी मार्जिनवरच थांबते. मेनूत चार दुवे असतात, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

बाकीच्या, थोडक्यात

स्वल्पविराम देऊन एकाच नियमात जुने आणि नवे सिलेक्टर (नियम पानातल्या कशाला लागू ते सांगणारा भाग) एकत्र लिहू नका. एक जरी कळला नाही तरी ब्राउझर अख्खा नियम टाकून देतो, ज्यांना काहीच झालेलं नाही तेही सोबत जातात. हॅझ हा नवा सिलेक्टर (पोटात अमुक असलेली चौकट निवडणारा) क्रोमला 105 पासून आणि फायरफॉक्सला 121 पासून कळतो. म्हणजे त्याच विंडोज 7 वर क्रोम 109 मध्ये चालेल आणि फायरफॉक्स 115 मध्ये नाही. हॅझचा नियम कायम वेगळा लिहा.

सगळी स्टाइलशीट अ‍ॅट-लेयरमध्ये (नियमांचे थर लावून कोण वरचढ ते ठरवायची सोय) गुंडाळली की सफारी 15.4 च्या आधीचा आयफोन पूर्ण ठोकळाच वगळतो. पान उघडं पडतं, टाइम्स फॉन्टच्या काळ्या अक्षरांत निळे दुवे. आयफोन 6 धरायचा असेल तर लेयर नाही, विषय संपला.

ऑटोप्रीफिक्सर लावला म्हणजे जुने ब्राउझर सांभाळले, हा समज सोडा. हे साधन फक्त प्रॉपर्टीच्या नावाआधी उपसर्ग (वेबकिटसारखं इंजिनचं नाव) जोडतं. ब्राउझरला जी गोष्ट येतच नाही ती ते त्याला शिकवत नाही. आणि ब्राउझर्सलिस्टचा (कुठले ब्राउझर सांभाळायचे त्या यादीचा) डेटा दोन वर्षं अपडेट न करता त्याच्यावर विसंबणं म्हणजे जुनं टाइमटेबल बघून ठाणे-वाशी लोकल पकडायला जाणं.

हाताने उपसर्ग लिहिलेच तर बिनउपसर्गाची ओळ शेवटी.

पूर्ण उंचीसाठी डीव्हीएच (पत्त्याची पट्टी लपली-दिसली की बदलणारं उंचीचं नवं माप) लिहिता, त्याच्या वरच्या ओळीत व्हीएच (तेच जुनं, न बदलणारं माप) लिहायला विसरता. इथे व्हेरिएबल नाही, त्यामुळे दोन ओळींची साधी युक्ती चालते, मग ती करा.

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (पान तपासायच्या खिडकीत) वर आयफोनचं नाव निवडून "आयफोनवर तपासलं" असं मला सांगू नका. तिथे बदलते ती स्क्रीनची रुंदी आणि ब्राउझर सर्व्हरला सांगतो ते नाव. आत इंजिन तुमच्या मशीनचं, आजचं क्रोमच असतं. माझ्या खणात एक आयफोन 6 आणि विंडोज 7 चा एक जाडजूड लॅपटॉप आहे, आणि पान सुरू करायच्या आदल्या दिवशी दोन्हीवर अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः भरते. ज्याच्याकडे मशीन नाही त्याने स्टेशनजवळच्या दुकानात दहा रुपये देऊन पंधरा मिनिटं बसावं. रिव्ह्यूच्या तीन बैठकांत सापडत नाही ते तिथे सापडतं.

आणि मराठी पानांपुरती एक गोष्ट. इंग्रजी डिझाइनमधून लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) जसंच्या तसं उचलता आणि मथळ्याची शिरोरेघ तुटते, प्रत्येक अक्षर सुटं लोंबकळतं. हे नव्या ब्राउझरमध्येही होतं, पण विंडोज 7 वर वेबफॉन्ट (नेटवरून येणारा फॉन्ट) उतरला नाही की मजकूर मंगल फॉन्टवर येतो आणि तिथे ते फारच वाईट दिसतं. विंडोज 8 पासून निर्मला यूआय आहे, 7 वर तोही नाही. देवनागरी मजकुराला लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा, लाइन-हाइट (ओळीची उंची) निदान दीडपट द्या म्हणजे वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जाणार नाहीत, आणि फॉन्टच्या यादीत वेबफॉन्टनंतर निर्मला यूआय आणि मंगल ही दोन्ही नावं लिहा.