२५ हजारात मामाची बेडरूम: काय केलं, काय केलं नाही

आधी परिस्थिती सांगतो. नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमधे मामा-मामी राहतात, मामेभाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला आणि मामाच्या घोरण्याला कंटाळून मामीने मामाची रवानगी त्याच्या रिकाम्या खोलीत केली. म्हणजे ६६ वर्षांचा माणूस, क्रिकेटपटूंचे स्टिकर लावलेल्या लोखंडी कपाटासमोर, कॉलेजच्या पोराच्या पलंगावर, छतावर अंधारात चमकणारे रेडियमचे तारे बघत झोपतोय. दीड वर्ष हेच चालू होतं. शेवटी मामी म्हणाली, "माझ्याकडे पंचवीस हजार बाजूला आहेत, त्यात काय होतंय ते बघ, सव्वीसावा हजार मागायचा नाही."

तर कुणाला काका, आत्या, आजी कुणाचीही खोली नीट करायची असेल तर पहिली गोष्ट, त्यांना "तुला काय हवंय" असं विचारू नका. उत्तर एकच येतं, मला काही नको. आमचा मामा तर एस.टी.त आयुष्य काढलेला, डेपोतल्या बाकड्यावर झोपलेला माणूस, त्याला विचारलं की म्हणतो मला कुठेही झोप लागते, पैसे वाचव. त्याऐवजी विचारा की काय त्रास होतो, रात्री उठतोस तेव्हा काय होतं, दुपारी इथे का नाही पडत. आणि जमलं तर सरळ एक रात्र त्या खोलीत खाली गादी टाकून झोपा. मी झोपलो (झोपलो म्हणजे काय, मामीला दीड वर्षापूर्वीपर्यंत काय सहन करावं लागलं ते कळलं) पण त्या एका रात्रीत जे दिसलं ते इंटरनेटवरच्या शंभर फोटोंत दिसलं नसतं. लाईटचं बटण दाराशी, पलंग खिडकीशी, त्यामुळे रात्री दोनदा उठणारा माणूस अंधारात चाचपडत जातो. रस्त्यावरचा दिवा थेट डोळ्यावर. चष्मा ठेवायला जागा नाही म्हणून तो उशीखाली. आणि पलंग इतका खाली की उठताना मामा आधी खिडकीचा गज धरतो, मग "आई गं" म्हणतो, मग उठतो. रंगाबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती आणि आम्ही मात्र रंगापासून सुरुवात करणार होतो.

सरप्राइज बिलकुल देऊ नका. माझा तोच प्लॅन होता, चार दिवस मामाला पुण्याला पाठवायचं आणि आल्यावर बघ कशी खोली. बरं झालं नाही केलं, कारण मी पहिल्याच दिवशी छतावरचे तारे खरवडायला स्क्रेपर घेऊन शिडीवर चढलो तर मामा खालून म्हणाला, "ते राहू दे रे." का तर म्हणे लाईट गेली की बरं वाटतं बघायला. तारे राहिले, छत राहिलं, पांढऱ्या रंगाचे दोन लिटर वाचले.

आता ओल. नवी मुंबईत जुन्या बिल्डिंगमधे राहत असाल तर हे वाचल्याशिवाय रंगाच्या दुकानात जाऊच नका. खिडकीखालच्या कोपऱ्यात पोपडे आले असतील, पांढरा खार फुटला असेल तर त्यावर कितीही भारी रंग मारा, पुढच्या पावसाळ्यात परत येणार. एक साधी टेस्ट आहे, फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा, काढताना प्लॅस्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर भिंतच ओली आहे, बाहेरच्या बाजूला असेल तर नुसता हवेतला दमटपणा. आमच्या कोपऱ्यात आतून पाणी निघालं. बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून येत होतं आणि तो सोसायटीचा विषय, त्यामुळे अर्ज द्या, कॉपीवर पोचीचा शिक्का घ्या आणि मागे लागा, आमचं त्यात दोन महिने गेले. भेग भरल्यावरही भिंत वाळायला वेळ द्यायचा, आतलं प्लास्टर फोडून नवीन केलं तर साधारण महिनाभर त्याला रंग नको. म्हणून ही सगळी कामं दिवाळीनंतर काढलेली बरी, पावसाळ्यात वाळत काही नाही आणि दिवाळीच्या आधी रंगारी मिळत नाही, मिळाला तर भाव खातो.

क्रम चुकवू नका. आधी इलेक्ट्रिशियन, मग खिळे-भोकं-लांबी (म्हणजे भिंत सपाट करायची पुट्टी), मग रंग, मग पडदे, गादी सगळ्यात शेवटी. आमच्या शेजारच्यांनी नवीन रंगावर झिरी मारून वायर टाकली होती, अजून तो पट्टा दिसतो. आम्ही टू-वे स्विच बसवला म्हणजे दारातून लावायचा आणि पलंगावरून बंद करायचा. त्यासाठी भिंत न फोडता प्लॅस्टिकच्या केसिंग पट्टीतून वायर आणली, दिसते थोडी, पण भिंतीच्याच रंगात रंगवली की डोळ्यात येत नाही आणि फोडाफोडीचे पैसे वाचतात. बल्ब घेताना खोक्यावर केल्विन बघा, ६५०० म्हणजे पांढराशुभ्र दुकानातल्यासारखा, ३००० म्हणजे पिवळसर. मोठा ट्यूबलाईट पांढराच ठेवला कारण वयस्कर डोळ्यांना वाचायला उजेड जास्त लागतो, उशाशी भिंतीवर ९ वॅटचा पिवळा दिवा, आणि बाथरूमच्या वाटेवर प्लगमधे खोचायचा छोटा सेन्सरवाला दिवा, माणूस हलला की लागतो. हा सेन्सरवाला मी ऑनलाईन तीनशेच्या आत घेतला आणि अख्ख्या खोलीत मामाला सगळ्यात जास्त आवडलेली वस्तू तीच. दिवे, स्विच, वायर, मजुरी मिळून २,९०० गेले.

रंगाचा हिशोब स्वतः करा, दुकानदारावर सोडलं तर अर्धा डबा माळ्यावर जातो. खोली १० बाय ११, उंची ९ फूट. चार भिंतींची लांबी मिळून ४२ फूट, गुणिले ९ म्हणजे ३७८ चौरस फूट, त्यातून दार २१ आणि खिडकी १६ वजा केली की राहिले ३४१. आतल्या भिंतीच्या साध्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांना (म्हणजे दोन कोटांना) साधारण ६० चौरस फूट पुरतो, म्हणजे पावणेसहा, आपण सहा धरायचे. जुना रंग गडद असेल किंवा भिंत पाणी पीत असेल तर जास्त लागतो, म्हणून प्रायमर सोडू नका. पोस्टरच्या सेलोटेपचे पिवळे डाग आधी थिनरच्या फडक्याने पुसा आणि वर प्रायमर मारा, नाहीतर ते नवीन रंगातूनही वर येतात.

शेडवर दोन दिवस भांडण. मामाला फिकट हिरवा, मामी म्हणे सरकारी दवाखाना वाटेल. शेवटी पलंगाच्या उशाची एक भिंत हिरवी आणि बाकी तीन मोतिया. शेडकार्डवर भरवसा ठेवू नका, त्या एवढ्याशा चौकोनापेक्षा भिंतीवर रंग गडद दिसतो. छोटी डबी घ्या, दोन बाय दोन फुटाचा पट्टा मारा आणि सकाळी, संध्याकाळी, ट्यूब लावून असा तीनदा बघा. आम्ही मूळ ठरवलेल्यापेक्षा दोन शेड फिकी घेतली. आणि डब्यावर मशीनने मारलेल्या कोडचा फोटो काढून ठेवा. रंगाचं सामान ४,३००, रंगारी तीन दिवस ३,६००. घासणं मी आणि माझ्या मित्राने केलं, लांबी आणि रंग रंगाऱ्याच्या हातात, कारण लांबी लावणं हे यूट्यूबवर दिसतं तितकं सोपं नाहीये, माझी पहिली भिंत बघून रंगारी काही बोलला नाही, फक्त पत्रा माझ्या हातातून काढून घेतला.

कपाट मात्र घरीच रंगवा, ते जमतं. लोखंडी कपाट कुठल्याच मराठी घरातून बाहेर जात नाही त्यामुळे नवीन वॉर्डरोबचा विचार मनात पण आणू नका. स्टिकरवर खोबरेल तेल चोळून तासभर ठेवायचं, मग सुटतात (दोन स्टिकर मामेभावाने व्हॉट्सॅपवर रडून दाखवल्यामुळे दाराच्या आतल्या बाजूला ठेवले). २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, थिनरने पुसा, गंजलं तिथे रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर), मग ऑइल पेंटचे दोन पातळ हात. ब्रशच्या रेघा दिसतात, म्हणून फोमचा छोटा रोलर. पंखा बंद, खिडक्या उघड्या. एका हातानंतर पूर्ण एक दिवस थांबा आणि दार लावू नका, आम्ही लावलं, चिकटलं, आणि उघडताना दोन इंचाचा टवका निघाला तो आता कॅलेंडरखाली आहे. खर्च १,१००.

पलंग बदलला नाही, उंची बदलली. माणसाला खुर्चीत बसवा, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या वाकापर्यंत टेपने मोजा, गादीसकट पलंग साधारण तेवढा उंच हवा. मामाचं माप साडेअठरा इंच. पलंग १२ आणि चेपलेली गादी ३, म्हणजे १५ वर बसत होता बिचारा. नवीन गादी ५ इंची घेतली आणि चार पायांखाली दीड-दीड इंचाचे लाकडी ठोकळे, वरून खाच पाडलेले म्हणजे पाय सरकत नाही, सुताराने मित्राच्या ओळखीवर फुकट दिले. आता उठताना गज धरावा लागत नाही.

गादीसाठी मामीचं म्हणणं होतं की जुनी कापसाची पिंजून घेऊ. कापसाची गादी चांगलीच असते, पण ती उन्हात टाकायला उचलणार कोण, दोघांच्या कंबरा आधीच बोलतात. मग कॉयर (काथ्या) आणि फोमची, ६,८०० ला, घरपोच. पलंगाच्या आतलं माप घेऊन जा कारण सिंगलमधे ७२ बाय ३६ पण असते आणि ७५ बाय ३६ पण, आणि दुकानात लाजू नका, चप्पल काढून दहा मिनिटं आडवं व्हायला सांगा. उल्हासनगरचं फर्निचर मार्केट स्वस्त आहे, नेरूळहून ट्रान्स हार्बरने ठाणे आणि तिथून बदलापूर-कर्जत गाडी, पण एकच वस्तू आणायची असेल तर टेम्पोचं भाडं सगळी बचत खातं, पलंग-कपाट-टेबल सगळं घ्यायचं असेल तरच जा. तुर्भ्याच्या आयकियाला आम्ही गेलो होतो, यादी घेऊन जा आणि यादी घेऊनच बाहेर या एवढंच सांगतो, मामी मेणबत्त्या हुंगत होती.

पडद्याचं उलटं करा, आधी पडदे घ्या मग रॉड ठोका. रेडीमेड ५, ७, ९ फुटात येतात, सात फुटी घेऊन रॉड सात फुटाच्या किंचित वर लावला की पडदा जमिनीवर लोळत नाही आणि कापायचा पण नाही. रॉड खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना आठ-नऊ इंच बाहेर हवा म्हणजे बाजूने उजेड घुसत नाही. कापड खिडकीच्या दुप्पट रुंद, नाहीतर चादर वाळत टाकल्यासारखं दिसतं. आमची खिडकी पश्चिमेची, दुपारी तीननंतर भट्टी. ब्लॅकआउट पडदे महाग पडत होते, मामीने साध्या पडद्यांना जुन्या जाड चादरीचं अस्तर शिवलं, रस्त्यावरचा दिवा पण गेला आणि ऊन पण. रॉडसकट २,२००.

बाकी बारीकसारीक. अभ्यासाचं टेबल उशाशी सरकवलं, त्यावर चष्मा, रेडिओ, बीपीचं मशीन, पाण्याचा तांब्या. माळ्यावर पडलेली वेताची खुर्ची नवीन वेत विणून घेतली, ९००. गालिचा घेऊ नका, पाय अडकतो, रबरी तळाचं पायपुसणं पुरे. आणि जमीन जुन्या मोझॅकची असेल तर रंगाचे डाग काढायला अॅसिड टाकू नका, त्यातले संगमरवराचे तुकडे अॅसिडने खाल्ले जातात आणि चमक कायमची जाते, ठिपका सुकल्यावर ब्लेडने हळू खरवडा. खिळे, पेपर, टेप, ब्रश, रंगाऱ्याचा चहा-वडापाव असं फुटकळ १,९०० झालं. हे फुटकळ दरवेळी विसरतो आपण, बजेटच्या आठ-दहा टक्के आधीच बाजूला ठेवा.

सगळं मिळून २३,७००. उरलेल्या १,३०० वर सध्या वाद चालू आहे. मामीला नवीन बेडशीटचा जोड हवाय आणि मामाला खिडकीला कबुतरांची जाळी, कारण पहाटे पाचला ती गजावर येऊन घुमतात. जाळीवाला स्क्वेअर फुटावर पैसे घेतो आणि खिडकी चार बाय चार म्हणजे सोळाच फूट, पण एवढ्याशा कामाला कुणी यायला तयार नाही, तर वरच्या मजल्यावरच्या काकूंना पण जाळी बसवायचीये का ते मामी आज विचारणार आहे.