विंडोजवर उबुंटू, डेबियन, फेडोरा: कोड ठेवायचा कुठे?

वडिलांची मार्केट यार्डात हळदीची अडत, घरात लॅपटॉप एकच आणि त्यात त्यांचं टॅली. सांगलीतल्या अशा घरातल्या पोराला ‘विंडोज उडव, लिनक्स टाक’ म्हणून सांगणाऱ्याने आधी त्या वडिलांना तोंड द्यावं. काही उडवायची गरज नाही. डब्ल्यूएसएल पुरतं: विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय.

टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन’ चालू दिसत नसेल तर आधी ते बायोसमधून (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमधून) चालू करा. मग अ‍ॅडमिन पॉवरशेलमध्ये ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ (टाइप अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत) आणि रीस्टार्ट. उबुंटू आलं. बाकीच्या डिस्ट्रोंची (डेबियन, फेडोरा अशा लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांची) यादी ‘डब्ल्यूएसएल --लिस्ट --ऑनलाइन’ दाखवतं.

कंपायलरसाठी उबुंटू-डेबियनवर एपीटी (पॅकेजं बसवणारी कमांड) अपडेट करून ‘बिल्ड-इसेन्शियल’ घ्या. फेडोरावर त्या नावाचं पॅकेजच नाही, तिथे तेच काम करणाऱ्या डीएनएफने जीसीसी हा कंपायलर आणि मेक.

आता खरी मेख. सुरुवातीला मी प्रोजेक्ट डेस्कटॉपवरच ठेवायचो. लिनक्समधून सी ड्राइव्ह ‘/एमएनटी/सी’ असा दिसतो, मग काय बिघडलं? बिघडलं असं, की एनपीएम इन्स्टॉल (जावास्क्रिप्ट प्रोजेक्टची पॅकेजं उतरवणारी कमांड) मारून चहा टाकायचो, पिऊन कप विसळून यायचो, तरी ते आपलं चालूच. दोष रॅमला दिला, ८ जीबीची १६ केली. पैसे गेले, वेग तोच. डब्ल्यूएसएल २ मधलं लिनक्स स्वतःच्या वेगळ्या डिस्कवर राहतं. सी ड्राइव्हवरची प्रत्येक फाइल त्याला विंडोजकडे मागावी लागते, आणि ती पॅकेजं जिथे बसतात त्या नोड मॉड्यूल्स फोल्डरमध्ये अशा बारक्या फायली हजारोंनी असतात.

वर स्क्रिप्ट चालवली की ‘बॅड इंटरप्रिटर’ अशी एरर, त्यात ‘^एम’. विंडोजच्या गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलने) कोड उतरवताना प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटवलं होतं. आख्खी संध्याकाळ मी कोडमध्ये चूक शोधत होतो.

म्हणून कोड लिनक्सच्या होममध्येच (तिथल्या तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये), आणि क्लोनही, म्हणजे कोडची प्रत उतरवणंही, लिनक्समधल्या गिटनेच. ‘विंडोजमधून फायली दिसणार नाहीत’ हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्या फोल्डरमध्ये ‘एक्सप्लोरर.ईएक्सई .’ मारा, नेहमीची खिडकी उघडते. व्हीएस कोड असेल तर ‘कोड .’.

एखादं डिस्ट्रो नको झालं तर ‘डब्ल्यूएसएल --अनरजिस्टर’ मारण्याआधी ‘डब्ल्यूएसएल --एक्स्पोर्ट’ने त्याची फाइल काढून ठेवा. अनरजिस्टर ‘नक्की का?’ असंही विचारत नाही, होमसकट सगळं पुसतं.