नेटिव्ह टायटलचा क्लेम करायचाय? फॉर्मला सगळ्यात शेवटी हात लावा

सगळ्यात आधी फॉर्म डाउनलोड करू नका. खरंच. ऑस्ट्रेलियात नेटिव्ह टायटलचा क्लेम (म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांनी आपल्या जमिनीवरचा परंपरेचा हक्क कोर्टाकडून मान्य करून घेणं) म्हटलं की लोक थेट फेडरल कोर्टाचा फॉर्म उघडून बसतात आणि सुरुवातीलाच अडकतात, कारण तिथे विचारलेलं असतं की ‘तुम्ही’ म्हणजे नक्की कोण, आणि त्याचं उत्तर शोधण्यातच वर्षं जातात. पहिलं काम म्हणजे रेकॉर्डर चार्ज करायचा आणि कम्युनिटीतल्या सगळ्यात वयस्कर आंटी नाहीतर अंकलकडे जाऊन बसायचं (नात्याचे नसले तरी एल्डर्सना आंटी-अंकलच म्हणतात, नुसत्या नावाने हाक मारायची नाही). टॉरेस सामुद्रधुनीतल्या मरे बेटावरच्या एडी कोइकी माबोंची जमिनीच्या हक्काची केस १९८२ ला सुरू झाली, हायकोर्टाचा (तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट) निकाल ३ जून १९९२ ला लागला, आणि माबो स्वतः त्याच वर्षी जानेवारीत गेले. ज्यांच्या नावाने आज अख्खा देश तो निकाल ओळखतो त्यांना तो ऐकायला मिळाला नाही, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात रेकॉर्ड करू’ असलं काही बोलूच नका.

मी बाहेरची बाई आहे, या कामाच्या कडेकडेने राहून जेवढं कळलं तेवढंच लिहितेय. आपल्यातले बरेच जण इकडे वकिली, मॅपिंग, रिसर्च असल्या कामात आहेत आणि कधी ना कधी एखाद्या कम्युनिटीबरोबर काम पडतं, म्हणून मराठीत.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कोर्ट इथे जमीन देत नाही. तो हक्क आधीपासून आहेच, त्यांच्या स्वतःच्या कायद्याने आणि रीतीने, कोर्ट फक्त तो मान्य करतं. माबोच्या निकालाने ‘ही जमीन कुणाचीच नव्हती’ ही थिअरी मोडली, मग नेटिव्ह टायटल अॅक्ट १९९३ आला आणि १ जानेवारी १९९४ पासून लागू झाला. या अॅक्टखाली तुम्हाला थोडक्यात हे दाखवायचं असतं की ब्रिटिशांनी सत्ता जाहीर केली तेव्हा (पूर्वेकडे १७८८ धरतात, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १८२९) तिथे एक समाज होता, त्याचे कायदे आणि रीती होत्या, त्या कायद्यातून या जमिनीशी नातं होतं, आणि ते सगळं आजपर्यंत फार न तुटता चालत आलंय. आता गंमत बघा, लेखी कागद सगळे आले ते १७८८ नंतर, तेही बहुतेक गोऱ्या माणसांनी लिहिलेले, आणि सिद्ध करायचंय त्याच्या आधीचं.

यॉर्टा यॉर्टा लोकांचं काय झालं ते वाचल्याशिवाय पुढे जाऊच नका. मरे नदीच्या काठचे लोक, १९९४ ला क्लेम टाकला, १९९८ ला जस्टिस ओल्नींनी फेटाळला, डिसेंबर २००२ मध्ये हायकोर्टातही हरले. एल्डर्स साक्षीला उभे राहिले, पण जजने जास्त वजन दिलं ते एडवर्ड कर नावाच्या मेंढपाळ जमीनदाराने एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवलेल्या आठवणींना. आणि त्याहून वाईट म्हणजे १८८१ मध्ये त्यांच्याच पूर्वजांनी न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरकडे शेतीसाठी जमीन मागणारा अर्ज केला होता, तो अर्ज त्यांच्याच विरुद्ध वापरला गेला, की बघा, यांनी तेव्हाच जुनी राहणी सोडली होती. जमीन मागितली म्हणून जमिनीशी नातं तुटलं! मला हे आजही पचत नाही, पण कायदा असाच चालला.

यातून शिकायचं काय, तर का तुटलं हे सांगत बसण्यापेक्षा काय चालू राहिलं ते दाखवा. मिशनमध्ये (चर्चच्या वस्त्यांत) डांबलं, सरकारने मुलं उचलून नेली, हे सांगायचंच, पण कोर्ट त्यावर फार थांबत नाही. त्यापेक्षा आंटीला विचारा की मासे पकडायला तुला कुठे न्यायचे, तिथे जाण्याआधी कुणाची परवानगी घ्यायची, नवा माणूस पाणवठ्यावर आला तर काय करतात, कुणाचं लग्न कुणाशी चालत नाही, हे तुला कुणी शिकवलं आणि तिला कुणी शिकवलं. उत्तरेकडे कॅटल स्टेशनवर (म्हणजे गुरांच्या मोठ्या फार्मवर) काम करणारे लोक पावसाळ्यात काम बंद झालं की आपल्या कंट्रीवर, म्हणजे पूर्वजांच्या जमिनीवर जाऊन सेरेमनी करायचे, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला ते मालकाचे गुराखी आणि आतून त्यांचा कायदा चालूच. असले तपशील सोन्यासारखे आहेत. माबो केसमध्ये मरे बेटावरच्या लोकांनी हेच तर दाखवलं होतं, की मालो या त्यांच्या देवाच्या कायद्यात दुसऱ्याच्या बागेत पाय टाकायचा नाही, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, म्हणजे हद्दी होत्या आणि त्या सगळ्यांना माहीत होत्या.

रेकॉर्डिंग करताना सांभाळायच्या गोष्टी: बऱ्याच कम्युनिटींमध्ये गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, फोटो-आवाज ऐकवत नाहीत, त्यामुळे फाइल्सना नावं देताना विचार करा. आणि बायकांच्या जागा, पुरुषांच्या जागा वेगळ्या असतात. बायकांची गोष्ट बायकांनीच ऐकायची असेल तर वकिलाने कोर्टाकडे आधीच तशी ऑर्डर मागायची, ऐन साक्षीच्या दिवशी नाही.

पुरावा कागदच हवा असंही नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला किंबर्लीतल्या न्गुरारा लोकांनी १९९७ मध्ये पिरनिनीला आठ बाय दहा मीटरचा कॅनव्हास रंगवला, चाळीसेक कलाकार मिळून, ग्रेट सँडी डेझर्टमधले त्यांचे पाणवठे त्यावर. आणि मग नेटिव्ह टायटल ट्रायब्युनलची माणसं आली तेव्हा तो वाळूत पसरला आणि एकेक जण आपल्या पाणवठ्यावर, म्हणजे चित्रातल्या आपल्या भागावर पाय रोवून उभा राहिला आणि आपल्या भाषेत सांगायला लागला. निकाल यायला २००७ उजाडलं ते वेगळं.

हे चालू असताना दुसरीकडे जमिनीची हिस्टरी काढायला घ्या. इथे भावना बाजूला ठेवा. एकदा जमीन फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण खाजगी मालकीची म्हणून दिली गेली की तिथला नेटिव्ह टायटल संपला, पुढे ती परत सरकारकडे आली तरी संपलेलाच (काही अपवाद अॅक्टमध्ये आहेत, कम्युनिटी तिथे राहत असेल किंवा तो अॅबोरिजिनल रिझर्व्ह असेल तर वकिलाला ते नक्की तपासायला सांगा). मोकळी सरकारी जमीन, नॅशनल पार्क, समुद्र, इथे आशा असते. पास्टोरल लीज म्हणजे ती मोठाली गुरांची रानं, तिथे हायकोर्टाच्या १९९६ च्या विक निकालामुळे लीजवाल्याचा हक्क आणि नेटिव्ह टायटल दोन्ही एकत्र राहू शकतात, फक्त भांडण झालं तर लीजवाल्याचं चालतं. त्यामुळे सगळीकडे पूर्ण ताबा मिळेल असं कुणाला सांगू नका. बऱ्याच ठिकाणी जाणं, शिकार, मासेमारी, सेरेमनी, पवित्र जागा सांभाळणं, इतकंच मिळतं.

आता तो ‘तुम्ही कोण’ प्रश्न. क्लेम ग्रुप साधारण अमुक-अमुक पूर्वजांचे वंशज असा लिहितात, आणि ती पूर्वजांची यादी हीच सगळ्यात मोठी मारामारी. मिशनची रजिस्टर्स, कॅनबेराच्या एआयएटीएसआयएस या मूळच्या लोकांच्या अभ्यासाच्या सरकारी संस्थेतले फॅमिली हिस्टरीचे रेकॉर्ड, नॉर्मन टिंडेल या अँथ्रोपॉलॉजिस्टने १९३० च्या दशकाच्या शेवटी केलेल्या वंशावळी, सगळं चाळा, पण मुलं उचलून नेलेल्या घराण्यातली माणसं या कागदांत चुकीच्या नावाने किंवा चुकीच्या गावाखाली सापडतात किंवा सापडतच नाहीत. शेजारच्या ग्रुपशी हद्दीचा वाद असेल तर तो आत्ता चहा पिता पिता मिटवा, कारण दोन क्लेम एकमेकांवर चढले की कोर्ट ते एकत्रच चालवतं आणि मग दोघंही लटकतात, तिकडे सरकार निवांत बसून बघतं.

वकील कुठून आणायचा? आपल्या भागाची रिप्रेझेंटेटिव्ह बॉडी बघा, बऱ्याच ठिकाणी ती म्हणजे लँड कौन्सिलच. त्यांना याच कामासाठी केंद्र सरकारचा पैसा मिळतो. पैसा कमी आणि रांग लांब हेही खरं, पण अँथ्रोपॉलॉजिस्ट त्यांच्याकडूनच मिळतो आणि त्याचा कनेक्शन रिपोर्ट, म्हणजे जमिनीशी असलेल्या नात्याचा अहवाल, हा क्लेमचा कणा. कोर्टात साधारणपणे ज्याचा खर्च त्याने करायचा, हरलात तर समोरच्याचं बिल सहसा तुमच्या गळ्यात पडत नाही.

मग मिटिंग. अर्ज करणाऱ्यांना अख्ख्या ग्रुपने अधिकार दिलाय हे दाखवावं लागतं. दूर शहरात राहणाऱ्यांपर्यंत नोटीस पोचली का, कोण आलं, पारंपरिक पद्धतीने ठरवलं की सगळ्यांनी मान्य केलेल्या वेगळ्या पद्धतीने, ठराव काय झाला, सगळं मिनिट्समध्ये लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण इथे ढिलाई केली तर सगळं केलेलं पाण्यात.

आणि आता कुठे तो फॉर्म, सोबत नकाशा, हद्दीचं वर्णन, अॅफिडेव्हिट. तो जातो फेडरल कोर्टात, तिथून नॅशनल नेटिव्ह टायटल ट्रायब्युनलकडे रजिस्ट्रेशन टेस्टला. ही टेस्ट पास होणं म्हणजे जिंकणं नाही, पण पास झालं की मायनिंगच्या कामात वाटाघाटीचा हक्क मिळतो. नकाराचा हक्क नाही हं, सहा महिन्यांत जमलं नाही तर कंपनी ट्रायब्युनलकडे जाऊ शकते. मायनिंगची नोटीस आधीच निघाली असेल तर तीन महिन्यांत क्लेम फाइल आणि चार महिन्यांत रजिस्टर व्हावा लागतो, म्हणूनच लोक घाईत कच्चे क्लेम टाकतात आणि पुढे पस्तावतात.

नंतर तीन महिने नोटिफिकेशन, त्यात स्टेट सरकार, कौन्सिल, गुरांच्या स्टेशनवाले, खाणवाले, मासेमारीवाले सगळे केसमध्ये पक्षकार व्हायला येतात. घाबरू नका, बरेच क्लेम शेवटी सरकारशी संमतीने सुटतात, मग कोर्ट कंट्रीवरच बसून निकाल वाचतं आणि तो दिवस सणासारखा असतो.

पण मंडप उतरायच्या आधी कॉर्पोरेशन तयार हवी. निकालानंतर हक्क सांभाळायला प्रिस्क्राइब्ड बॉडी कॉर्पोरेट लागते, ओरिककडे (मूळच्या लोकांच्या कॉर्पोरेशनांचं रजिस्ट्रेशन करणारं सरकारी ऑफिस) रजिस्टर केलेली, आणि पाइपलाइन, खाणी, रस्ते यांच्या नोटिसा तिच्याच पत्त्यावर येऊन पडायला लागतात. तेव्हा डायरेक्टर निवडताना भाषण चांगलं करणाऱ्याबरोबर एक असाही घ्या जो रोज ईमेल उघडतो.