तेंदूचा हंगाम ग्रामसभेने स्वतः कसा चालवावा

गडचिरोली जिल्ह्यात धानाची मळणी आटोपली की शेतातले काम पावसाळ्यापर्यंत थांबते. मग कर्ती माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि गावात म्हातारी माणसे व लहान मुले उरतात. मात्र याच मोकळ्या महिन्यांत आधी मोहफूल, नंतर तेंदूपान म्हणजे बिडीचे पान आणि जोडीला बांबू असे काम गावाच्या शिवेतच असते. ते काम गावाच्या हाती यावे, यासाठी काय करावे लागते ते येथे सांगतो.

सुरुवात सामूहिक वनहक्काच्या दाव्यापासून करावी. वनहक्क कायदा, 2006 नुसार बांबू, तेंदूपान, मोहफूल यांसारख्या गौण वनोपजांची मालकी आणि विक्रीचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर जगणाऱ्या गावाचा आहे. ग्रामसभेने आपल्यातून दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडावी. तिच्यात किमान दोन तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातींचे आणि किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. दाव्याला एकाहून अधिक पुरावे जोडावेत. निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या जंगलवापराच्या जुन्या हक्कांची सरकारी नोंद, असेल तर ते शोधून काढावे आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब घ्यावेत. जंगलाची सीमा शेजारच्या गावांना बरोबर घेऊन प्रत्यक्ष चालूनच ठरवावी, कारण घरी बसून काढलेल्या नकाशावरून पुढे भांडणे होतात. ग्रामसभेच्या ठरावानंतर दावा उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. प्रत्येक ठिकाणी तारखेची पोच घ्यावी. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये हा हक्क मिळाला आणि 27 एप्रिल 2011 रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. दोन्हींमध्ये बराच काळ गेला, म्हणून हक्काचा कागद मिळाला तरी पाठपुरावा सोडू नये.

हक्क मिळाल्यावर ग्रामसभेच्या नावाने बँकेत स्वतंत्र खाते उघडावे. त्यावर सही करणाऱ्यांत एक तरी महिला असावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पाने तोडण्यापासून पुडके बांधण्यापर्यंतचे बहुतेक काम महिलाच करतात.

तेंदूची तयारी हंगामाच्या दोन-तीन महिने आधी सुरू होते. कोवळी, चांगली पाने मिळावीत म्हणून झुडपांची छाटणी करावी लागते आणि तीही गावातल्याच मजुरांना द्यावी. याच सुमारास पानांचा लिलाव करावा. लहान गावाला एकट्याने चांगला ठेकेदार मिळणे कठीण जाते, म्हणून आसपासच्या ग्रामसभांनी एकत्र येऊन लिलाव करणे हिताचे ठरते. करारात दोन रकमा वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात: पाने तोडणाऱ्याची मजुरी आणि ग्रामसभेची रॉयल्टी, म्हणजे पानांच्या मालकीपोटी मिळणारी रक्कम. दोन्ही मिळून एकच मोठा आकडा लिहिला, तर भाव पडल्यावर पहिली कात्री मजुरीलाच लागते. ठेकेदाराने माल उचलण्यापूर्वी किती पैसे खात्यात जमा झाले पाहिजेत, हेही करारात असावे. आमच्या शेजारच्या एका गावाने ठेकेदाराच्या शब्दावर माल आधी जाऊ दिला आणि उरलेल्या पैशांसाठी त्या गावातल्या बायकांना पुढचे वर्षभर फेऱ्या घालाव्या लागल्या.

हंगामात माणसे पहाटेच जंगलात जातात, दुपारी घरी येऊन सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात आणि सायंकाळी फळीवर, म्हणजे पुडकी मोजून घेण्याच्या जागी, आणतात. खरी दक्षता येथेच लागते. एक हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी धरली जाते आणि हिशेब त्यावरच होतो, त्यामुळे रोज दहा पुडकी कमी मोजली गेली तरी हंगामाअखेर कुटुंबाचे ठळक नुकसान होते. मोजणीला ठेकेदाराच्या माणसाबरोबर ग्रामसभेने नेमलेला, गावातलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी असावी. त्या कामाचे मानधन द्यावे. शिकून घरी बसलेल्यांसाठी हे गावातच निर्माण होणारे काम आहे. मोजलेला आकडा त्याच वेळी ग्रामसभेच्या वहीत आणि कुटुंबाजवळच्या कार्डावर लिहावा. मी पाहिलेल्या एका फळीवर एक आजी प्रत्येक ओळीच्या टोकाला एक खडा ठेवत असे आणि घरी जाण्यापूर्वी आपले खडे व कार्डावरचा आकडा ताडून पाहत असे. तिला लिहिता येत नव्हते, पण तिचा हिशेब कोणी चुकवू शकला नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ही रीत मुद्दाम शिकवावी.

गोण्या उचलल्या जाताना वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यावा आणि त्यावरील गोण्यांची संख्या वहीशी जुळते का, ते पाहूनच सही करावी. मजुरी थेट कुटुंबाच्या बँक खात्यात द्यावी. बँक दूर असेल, तर रोख वाटप सर्वांसमोर, नाव पुकारून करावे. रॉयल्टीतून पुढच्या वर्षीची छाटणी, वणवा रोखण्यासाठी राखणदारी आणि बांबूची निगा यांचा खर्च आधी बाजूला काढावा, कारण त्यातूनच पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत गावात मजुरी उभी राहते. संपूर्ण हिशेब जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. तोवर मजुरीचे पैसे हाती आलेले असले, तर धानाच्या बियाण्यासाठी कोणाला सावकाराकडे जावे लागत नाही.